महापुरात बुडालेल्या मामाच्या १३७ रेकॉर्डी

परवा इचलकरंजीहून एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. वडील गेले, माळ्यावर दीडेकशे रेकॉर्डी सापडल्यात, छपरातनं पाणी गळून सगळ्यांवर बुरशी चढलीय, भंगारवाला दारात उभाय, देऊन टाकू का? म्हटलं आधी भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावा. मग तासभर बोलत बसले आणि फोन ठेवल्यावर वाटलं की हे एकदा नीट लिहूनच काढावं, कारण २०१९ च्या ऑगस्टात माझ्यापुढं असाच ढीग पडला होता आणि तेव्हा मराठीत सांगणारं कुणी सापडलं नव्हतं. इंग्रजीत होतं ढिगानं, पण त्या लोकांकडं रेकॉर्ड धुवायची मशिनं होती आणि एकाच्याही रेकॉर्डवर कृष्णेचा गाळ नव्हता.

रेकॉर्डी मामाच्या. मामा १९६८ ते १९९९ मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधल्या एका शिपिंग कंपनीत कारकून होता, पगार बेताचा, गिरगावात दीड खोली आणि व्यसन हे एवढंच. फोर्टातल्या फुटपाथवरनं, चोरबाजारातनं, दिवाळीचा बोनस झाला की काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधनं (ते दुकान २०१६ ला बंद झालं, मामाही त्याच वर्षी गेला, मामी म्हणते दोघांनी ठरवून केलं) एकेक रेकॉर्ड आणायचा. ऑफिसात जहाजावरची माणसं यायची, त्यांच्याकडनं बाहेरच्या मिळायच्या. निम्मं जॅझ, निम्मं रॉक. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा झाली तेव्हा घरी कुणीतरी आजारी असल्याचं सांगून रजा टाकली होती त्यानं. आम्ही सुट्टीत गेलो की पलंगावर बसवून ऐकवायचा आणि आम्हाला काही कळायचं नाही, कव्हरं मात्र बघत बसायचो.

रिटायर झाल्यावर दोघं सांगलीला गावभागातल्या घरी आले. आता बघा, एक रेकॉर्ड कव्हरसकट पाव किलोच्या आसपास भरते, म्हणजे १३७ रेकॉर्डी तीस-पस्तीस किलो झाल्या, म्हणून मामानं त्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात उभ्या लावल्या. वजनदार ते खाली, एकदम बरोबर विचार. २००५ च्या पुरात पाणी पायरीला लागून परत गेलं होतं, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही.

२०१९ ला मंगळवारी ६ ऑगस्टला आम्ही मामीला विश्रामबागला माझ्याकडं आणलं. तिनं औषधांची पिशवी, दागिन्यांचा डबा आणि देव घेतले. रेकॉर्डी माझ्या डोक्यातही आल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. घरात शिरता आलं ते बुधवारी १४ तारखेला. भिंतीवर छातीच्या जरा खाली रेघ उमटलेली आणि खाली सगळीकडं तो काळपट, साबणासारखा बुळबुळीत गाळ, त्याला डिझेल आणि गटार यांचा मिळून एक वास, जो पुढं महिनाभर नाकातनं गेला नाही. कपाटाचं दार गंजून अडकलेलं, पहार लावून उघडलं. आत कव्हरांचा एकच लगदा झालेला, वरनं चिखल, आणि मधनं काळ्या कडा चमकत होत्या.

कचऱ्याचा ट्रॅक्टर गल्लीतच होता. गाद्या, धान्य, पुस्तकं सगळं त्यातच चाललं होतं, मामी म्हणाली हेही घाला. मी त्यातली एक उपसली आणि नळाला पाणी नव्हतं म्हणून बाटलीतलं प्यायचं पाणी ओतलं. गाळ सरकन खाली गेला आणि आतली खाच न् खाच तशीच्या तशी. मी मिरजेला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, काचेच्या स्लाइड धुण्यात वीस वर्षं गेली, त्यामुळं हात आपोआप कडेलाच गेला. एलपी, म्हणजे ही नेहमीची मोठी काळी रेकॉर्ड, पीव्हीसीची असते, बाथरूमच्या पाइपाचा सख्खा भाऊ. पाण्यानं त्याला काही होत नाही. पाण्यानं मरतं ते कव्हर.

पहिली आणि सगळ्यात कामाची गोष्ट इथंच सांगते. गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की खाचेत सिमेंटसारखा बसतो आणि मग घासताना तोच गाळ ओरखडे काढतो. मी घरून धुण्याचे दोन मोठे टब आणले, टँकरचं पाणी भरलं आणि सगळ्या रेकॉर्डी त्यात उभ्या करून ठेवल्या. मधल्या लेबलाची भीती वाटत होती, पण एलपीचं कागदी लेबल डिंकानं चिकटवलेलं नसतं, रेकॉर्ड दाबली जाते त्याच वेळी गरम प्लॅस्टिकमध्ये दाबून बसवतात, त्यामुळं ते सहज सुटत नाही. शाई मात्र काहींची गेली, त्याचं पुढं सांगते. आतला कागद रेकॉर्डला चिकटला असेल तर ओढू नका, भिजू द्या, स्वतःहून सुटतो. आणि हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात लेप्टोचे जंतू असू शकतात, हाताला एखादं कापलेलं असलं की झालं. आमच्या लॅबला त्या महिन्यात कसल्या तपासण्या येत होत्या ते मला माहितीय.

शनिवारी १७ तारखेला माझी ड्युटी होती. आठवडाभरानंतर पहिल्यांदा कडक ऊन पडलेलं. मामीला वाटलं पोरगी एकटी किती करणार, म्हणून तिनं टबातल्या १४ रेकॉर्डी काढल्या, स्वच्छ पुसल्या आणि गच्चीवर कुरडया घालाव्यात तशा चादरीवर ओळीनं मांडल्या. काळा रंग, वर ऊन, खाली तापलेली फरशी. संध्याकाळी मी आले तेव्हा चौदाच्या चौदा पापडासारख्या लाटा आलेल्या. मी बोलले तिला. नको तेवढं बोलले. ती काही म्हणाली नाही, फक्त चादर घडी करत राहिली, आणि त्या चौदांत मामाची सगळ्यात लाडकी होती हे तिला माझ्या आधी कळलेलं होतं. तर ऊन नाही, ड्रायर नाही, इस्त्री तर नाहीच. सावली, पंखा आणि दम.

१९ तारखेला पंचनाम्याला दोघं आले. आधार, रेशनकार्ड, पासबुकाची झेरॉक्स, घरात पाणी दोन दिवसांपेक्षा जास्त होतं याची नोंद. घराचा उतारा अजून मामाच्या नावावर, वारसनोंद केलीच नव्हती, म्हणून मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि दाखला होता त्याच कपाटात. त्याची नवी प्रत काढायला दोन हेलपाटे आणि सहा दिवस. (वारसनोंद राहिली असेल तर आजच करा, रेकॉर्डी नसल्या तरी करा.) नुकसानीच्या यादीत मी रेकॉर्डी सांगितल्या तर त्यातल्या तरुण मुलानं विचारलं, म्हणजे सीडी का ताई? म्हटलं सीडीची आजी. तो हसला, पण यादीत त्याला रकानाच नव्हता, भांडी-कपडे यातच सगळं. शहरातल्या लोकांना १५ हजार सानुग्रह अनुदान होतं, त्यातले ५ हजार आधी रोख आणि बाकीचे खात्यात. मामीनं त्यातनं गादी आणि गॅसची शेगडी घेतली.

धुण्याची पद्धत बसायला महिना गेला. शेवटी जी बसली ती अशी. साध्या पाण्यात गाळ सोडवायचा, मग टबात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब, आणि लहान बाळाच्या मऊ ब्रशनं खाचेच्या दिशेनं गोल गोल, आडवं कधीच नाही. मग साध्या पाण्याचे दोन हात. शेवटचा हात डिस्टिल्ड वॉटरचा, कारण आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार असतात, ते खाचेत वाळले की सुईला खडे लागल्यासारखा आवाज येतो. बॅटरीवाल्याकडं ५ लिटरचा कॅन ७० रुपयांना मिळायचा, एका रेकॉर्डला साधारण लिटरभर गेलं, हिशेब तुम्हीच करा. वाळवायला ताटं उभी करायचं स्टीलचं स्टँड. लेबल भिजू नये म्हणून कुपवाडच्या लेथवाल्याकडनं दोन गोल पत्रे, मध्ये बोल्ट आणि आतनं सायकलच्या ट्यूबचं रबर असं एक झाकण करून घेतलं, १८० रुपये, त्यानं विचारलं हे कशाचं, मी सांगितलं, त्यानं अर्धा तास त्याच्या आजोबांच्या ग्रामोफोनची गोष्ट सांगितली.

तेलकट डाग होते त्यांना आयसोप्रोपिल अल्कोहोल, एक भाग अल्कोहोल आणि चार भाग डिस्टिल्ड. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, पातळ चिकट थर राहतो. आणि हे ठळक अक्षरात वाचा: ७८ च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जुन्या जड रेकॉर्डींना अल्कोहोल लावायचं नाही. त्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मामाकडं आजोबांच्या तीन होत्या, त्यातली एक मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची. मला हे रसायन शाळेपासून माहितीये, तरी रात्री साडेअकराला झोपेत एकीवर बोळा फिरवला आणि बोळा काळा झाला. खाँसाहेबांची नव्हती, दुसरी होती. तरीपण.

अकरा रेकॉर्डी कशालाच दाद देईनात, खाचेत गाळ बसलेलाच. त्यांना फेविकॉल. हसू नका, जगभर लोक करतात हे. लाकडाचा पांढरा गोंद खाचांवर जाड थरात ओतायचा, लेबल सोडून, रात्रभर वाळू द्यायचा, पारदर्शक झाला की कडेनं धरून सालीसारखा सोलायचा, सोबत घाण निघते. माझी पहिली साल पातळ झाली आणि तुकडे तुकडे पडले, रात्रभर नखानं कोरत बसले, मग कळलं की त्यावरच दुसरा जाड थर द्यायचा, तो खालच्याला घेऊन निघतो. पावसाळ्यात मात्र हा उद्योग करू नका, तीन दिवस वाळत नाही. इतकं करूनही त्या अकरा वाजण्याजोग्या झाल्या नाहीत, सुई कराकरा करते. ठेवल्यात तशाच.

आता शाई गेलेल्या लेबलांचं. सव्वीस रेकॉर्डींची लेबलं कोरी पांढरी झाली होती, कुठली कोण काही कळेना. पण शेवटचं गाणं संपल्यावर लेबलापर्यंत जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर बारीक आकडे कोरलेले असतात. अंधारात मोबाइलचा टॉर्च तिरपा धरायचा, की दिसतात. ते आकडे डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर घातले की रेकॉर्डची कुंडली निघते, कुठल्या देशात दाबली, कितवी आवृत्ती. बऱ्याचशा रॉकच्या आपल्या दमदमच्या कारखान्यातल्या निघाल्या, बीटल्ससुद्धा, कोलकात्यात दाबलेले. आणि एका कोऱ्या रेकॉर्डच्या पट्टीवर आकड्यांशेजारी शिक्का होता, व्हॅन गेल्डर. मी शोधलं तर हा न्यू जर्सीचा साउंड इंजिनिअर, रूडी व्हॅन गेल्डर, आणि हा माणूस १९५९ पर्यंत दिवसा डोळे तपासायचा, चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात आई-वडलांच्या घरच्या हॉलमध्ये जॅझ रेकॉर्ड करायचा. दिवसा तपासण्या, रात्री रेकॉर्डी! मला त्या माणसाबद्दल इतकं आपलेपण वाटलं ना. ती कोरी रेकॉर्ड निघाली सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची अ लव्ह सुप्रीम, ९ डिसेंबर १९६४ ला एका बैठकीत झालेली. ती तेव्हा वाजवायला यंत्रच नव्हतं, नुसतीच धरून बसले.

कव्हरं जवळजवळ सगळी गेली. वर्तमानपत्रात दाबून, रोज कागद बदलून एकोणीस वाचली, तीही बुरशीच्या ठिपक्यांसकट. त्यातलं एक रोलिंग स्टोन्सचं १९७१ चं स्टिकी फिंगर्स, त्याच्या कव्हरवर जीन्सची खरीखुरी झिप बसवलेली आहे. ही झिप गठ्ठ्यात वरच्या रेकॉर्डवर दाबून तिला खड्डा पाडायची, म्हणून कंपनीनं झिप थोडी खाली ओढून पाठवायला सुरुवात केली, म्हणजे दाब पडला तर लेबलवर पडेल. मामाची झिप गंजून तिथंच बसलीय, आता वर नाही खाली नाही. बाकीच्यांना मिठाईचे बॉक्स करणाऱ्याकडनं कोरी पुठ्ठ्याची कव्हरं करून घेतली, कमीत कमी २०० घ्यावी लागली, १६ रुपयाला एक. माप देताना रेकॉर्डचं नाही, जुन्या कव्हरचं द्या, नाहीतर पहिल्या नमुन्यासारखं घट्ट होतं आणि रेकॉर्ड काढताना घासते.

मार्च २०२० पर्यंत साठेक झाल्या होत्या. मग कोरोना, आणि लॅबमधल्या माणसाचं ते वर्ष कसं गेलं हे मी वेगळं सांगत नाही. रेकॉर्डींना सहा महिने हात लावला नाही. त्यांना काय, त्या वाट बघतात.

प्लेअरकडं वळले ते नोव्हेंबर २०२० ला. मामाचं टर्नटेबल जपानी, पट्ट्यावर फिरणारं, चार दिवस पाण्याखाली होतं. पुरात भिजलेलं काहीही ‘बघू चालतंय का’ म्हणून प्लगला लावू नका, मोटर जळते आणि माणूसही. सांगलीत दोघांनी हात वर केले. मिरजेला दर्ग्याच्या बाजूला सतारमेकरांची दुकानं आहेत, त्या ओळीच्या मागं एक रेडिओ दुरुस्त करणारे काका सापडले, वय सत्तरीच्या पुढं. त्यांनी उघडून बघितलं आणि म्हणाले, ‘‘ठेवून जावा, पण फोन करू नका.’’ अकरा आठवडे लागले. मोटरीला नवीन तांबं, बेअरिंग साफ, पट्टा नवा, आणि मोटरीच्या टोकाची पितळी पुली गंजून खाल्ली होती ती लेथवर नवीन. २,८०० मजुरी आणि पुलीचे ३५०.

सुई आणि ती बसते ती कार्ट्रिज, ते जर्मनीहून मागवलं, फेब्रुवारी २०२१. पाठवणावळीसकट ६,१५० रुपये. ट्रॅकिंगवर मुंबईत येऊन थांबलं, मग केवायसीसाठी मेसेज, आधार अपलोड करा, पैसे भरल्याचा पुरावा द्या, वस्तू काय आहे ते लिहा. मी पहिल्यांदा लिहिलं ‘सुई’, आणि मग माझ्याच लक्षात आलं की लॅबवाली बाई सुई मागवतेय म्हटल्यावर कुणीही शंका घेईल, म्हणून दुसऱ्यांदा नीट लिहिलं, रेकॉर्ड प्लेअरचा भाग, वैयक्तिक वापर, एक नग. बाहेरून मागवणार असाल तर हे वर्णन विकणाऱ्यालाच पाकिटावर नीट लिहायला सांगा. सत्तेचाळिसाव्या दिवशी पोस्टमन काका आले, वर ड्युटी ४,७५३. हो, वस्तूच्या पाऊणपट. मी दारात उभं राहून तीनदा वाचलं. हा दर तेव्हाचा, त्यामुळं मागवायच्या आधी आताची ड्युटी बघून ती किमतीत धरूनच चला, नंतर रडू नका. आणखी एक छोटा डबा लागतो, फोनो प्रीअँप, कारण सुईतनं येणारा करंट फार बारीक असतो आणि रेकॉर्ड कापताना खर्ज मुद्दाम कमी करून कापतात नाहीतर खाचा एकमेकींत घुसतील, तो खर्ज हा डबा परत देतो. २,४००. सुईचा भार मोजायला सोनाराचा खिशातला काटा, ३५०. माझ्या कार्ट्रिजला दोन ग्रॅम लागतो.

आता माझी फजिती. पहिली रेकॉर्ड लावली जॅझ ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची काइंड ऑफ ब्लू, मामाची जुनी, कव्हर गेलेलं. लागली. मी ओक्साबोक्शी रडले वगैरे काही झालं नाही, मी कान देऊन खरखर मोजत होते. मग भाच्याच्या फोनवर तेच गाणं लावून बघितलं तर आपलं किंचित चढं. फार नाही, पण चढं. म्हटलं पुली चुकली, वेग जास्त झाला. काकांकडं घेऊन गेले. त्यांनी कागदाची एक चकती काढली, कडेला १८० रेघा. एलपीच्या, म्हणजे मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगात एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात आणि आपली ५० सायकलची वीज ट्यूबला सेकंदात शंभर वेळा लुकलुकवते, म्हणजे एका फेऱ्यात १८० वेळा, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थिजलेल्या दिसतात. त्यासाठी चोकवाली जुनी ट्यूब पाहिजे, आजकालच्या बऱ्याच एलईडीखाली जमत नाही. रेघा थिजलेल्या. वेग बरोबर. मी घरी आले, परत चढं. परत घेऊन गेले. काका वैतागले, त्यांनी शेजारच्या सतारीच्या दुकानातल्या चाचांना हाक मारली.

चाचा हातातली पट्टी बाजूला ठेवून आले. मांडी घालून पहिली बाजू पूर्ण ऐकली, मध्ये एकदा तंबोऱ्याची तार छेडून बघितली. मग म्हणाले, पलटा. दुसरी बाजू थोडी ऐकली आणि उठले. ‘‘बाई, मशीन बरोबर हाय. ही मागची बाजू सुरात हाय, पुढची चढी हाय. म्हणजे गाणंच तसं भरलंय. मशीनला कशाला बोल लावता?’’

घरी येऊन वाचलं. पहिल्या बाजूची तिन्ही गाणी २ मार्च १९५९ ला रेकॉर्ड झाली, त्या दिवशी न्यूयॉर्कच्या स्टुडिओतलं टेपचं मशीन किंचित हळू चालत होतं, म्हणून नेहमीच्या वेगात वाजवलं की सूर चढतो. दुसरी बाजू २२ एप्रिलची, ती बरोबर. तेहतीस वर्षं जगभर ती तशीच विकली गेली आणि १९९२ ला नवीन आवृत्ती काढताना दुरुस्त केली. भाच्याच्या फोनवर होती ती दुरुस्त केलेली. मिरजेच्या चाचांना त्यासाठी एक तार आणि वीस मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी बासुंदीचा डबा घेऊन दोन्ही दुकानांत माफी मागून आले.

जुलै २०२१ ला परत पूर आला, गावभागात परत पाणी, पण तोवर मामी कायमची माझ्याकडं आली होती आणि रेकॉर्डी दुसऱ्या मजल्यावर. उरलेल्या धुणं सुट्टीसुट्टीला चाललं, शेवटची झाली गेल्या दिवाळीच्या आधी. १३७ पैकी ११२ चांगल्या वाजतात, ११ वर सांगितल्या तशा, आणि मामीनं वाळवलेल्या १४. सगळं मिळून २५ हजारांच्या आसपास गेले. एकानं पुण्याहून येऊन सगळ्याच विकत मागितल्या होत्या, आकडा बरा होता, मामी म्हणाली बघू, आणि मग त्याचा फोन आला की घरात नसल्याची खूण करायची.

त्या चौदांचं एक राहिलं. दोन जाड काचांमध्ये ठेवून वर जात्याची पाळी ठेवली, आठ महिने. ओव्हनमध्ये तापवून सरळ करायचे प्रकार नेटवर आहेत, माझी हिंमत झाली नाही. सहा-सात थोड्या सुधारल्या, पण कडेच्या लाटा हटत नाहीत आणि कडेवर सुई उडते. मामाची लाडकी त्यातच, जॅझ पियानोवाल्या डेव्ह ब्रुबेकची टाइम आउट. ब्रुबेक १९५८ ला मुंबईला वाजवून गेला होता, तेव्हा मामा शाळेत होता आणि त्याला ते नंतर कळलं याची खंत तो आयुष्यभर सांगायचा. त्यातलं टेक फाइव्ह पाच मात्रांचं, तीन आणि दोन, मामा जेवताना ताटाच्या कडेवर वाजवायचा आणि मामी म्हणायची, जेवा आता.

दिवाळीनंतर एका रविवारी कव्हरं लावताना माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टेक फाइव्ह पहिल्या बाजूचं तिसरं, म्हणजे शेवटचं गाणं. म्हणजे लेबलाजवळचं. लाटा सगळ्या कडेला आहेत, लेबलाजवळ रेकॉर्ड जवळजवळ सपाट असते. टाइम आउट लावली, सुई हातानं उचलून आत, दुसऱ्या गाण्याच्या पुढच्या रुंद पट्टीवर सोडली. हात असा वरखाली होत होता होडीत बसल्यासारखा, पण सुई उडाली नाही. आधी ड्रम, मग पियानो सुरू झाला.

मामी स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. म्हणाली, ‘‘हे त्यातलंच ना गं, मी वाळत घातलेल्यातलं?’’

‘‘हो.’’

ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं परातीच्या कडेवर बोटांचा आवाज यायला लागला, तीन आणि दोन, तीन आणि दोन, मधे एकदा चुकली, थांबली आणि परत धरलं.